म्हाताऱ्याचा वास

"हात वर करा, पा."

क्लेमेन्सने हात वर केले. उजवा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून त्याच्या मुलाने, लेनर्डने, तो आपल्या डोक्यावर टेकवून घेतला आणि काखेत साबण लावला. साबण शिकारीच्या दुकानातला होता, मुद्दाम बिनवासाचा. म्हातारा न्हाणीतल्या प्लास्टिकच्या स्टुलावर वाकून बसला होता. एके काळी याच पाठीने दुधाचे भरलेले कॅन गोठ्यातून रस्त्यापर्यंत वाहून नेले होते. आता तिथे नुसते मणके उरले होते.

"झालं का?"

"अजून एकदा."

"थोडी कातडी राहू दे. परत आल्यावर लागेल मला."

लेनर्डला हसू आलं, पण हात थांबला नाही. गुडघ्यांच्या मागे, मानेवर, कानांच्या पाळ्यांखाली तो घासत राहिला. गुडघ्यांना रोज चोळायच्या मलमाचा कापरासारखा वास जात नव्हता. त्याच्याखाली दुसरा वास होता, त्याचं नाव घरात कुणी घेत नसे. ऑपरेशन झाल्यापासून क्लेमेन्सला लघवी धरवत नव्हती.

"लेनी," क्लेमेन्स शांतपणे म्हणाला. छप्पर गळतंय हे सांगावं तसा त्याचा सूर होता. "हा बाहेरून लागलेला नाही रे. आतूनच येतो."

 लेनर्डने पाणी सोडलं आणि पुन्हा डोक्यापासून सुरुवात केली.

दाराबाहेर लेनर्डची बायको नॅडीन टॉवेल घेऊन उभी होती. टॉवेलही बिनवासाच्या पावडरीत धुतलेला. ती नवऱ्याला खालच्या आवाजात एवढंच म्हणाली, की तो माणूस आहे, मळका शर्ट नव्हे. न्यायचं असेल तर आहे तसा ने, नाहीतर घरी राहू दे, मी बघते त्याच्याकडे. लेनर्डलाही ते पटत होतं. पण उद्या हरणांच्या हंगामाचा पहिला दिवस होता, आणि उत्तर विस्कॉन्सिनमध्ये त्या दिवशी घरी राहणारा पुरुष एकतर आजारी असतो नाहीतर मेलेला. क्लेमेन्स अजून दोन्ही नव्हता, निदान स्वतःच्या मते. ऑक्टोबरपासून त्याने शिकारीचा नारिंगी कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला होता. डॉक्टरांनी मात्र लेनर्डला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की पुढच्या हिवाळ्याचं काही धरून चालू नका.

म्हणून लेनर्डने मनाशी ठरवलं होतं. या वर्षी बापाला बिशपवर बसवायचं.

बिशप म्हणजे त्यांच्या रानातलं सगळ्यात चांगलं मचाण. ओढ्याच्या काठी शेंड्याला वाळलेला एक जुना पाइन होता, लांबून पाद्र्याच्या उंच टोपीसारखा दिसायचा, त्याच्याशेजारी. रात्रभर रस्त्यापलीकडच्या मक्याच्या रानात चरलेली हरणं उजाडताना दलदलीकडे परततात आणि ओढ्याच्या काठाने बिशपच्या खालून जातात. ते मचाण क्लेमेन्सने स्वतः बांधलं होतं. कुणी कुठे बसायचं हे ठरवायचा मानही कित्येक वर्षं त्याचाच होता. आदल्या संध्याकाळी तो रानातल्या लाकडी घराच्या, म्हणजे कॅम्पच्या, दारात उभा राहायचा, खिशातून रानरुईचं वाळकं बोंड काढायचा आणि त्यातली एकेक म्हातारी वाऱ्यावर सोडायचा. ती कुठे वळते, कुठे खाली बसते, कुठे घोटाळते ते पाहून तो माणसं वाटायचा. हरणाच्या डोळ्याला फसवता येतं, कानालाही फसवता येतं, नाकापुढे कुणाची मात्रा चालत नाही, हे त्याने पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं. त्याच्या काळात शिकारीचे कपडे आठवडाभर गोठ्यात गाईंच्या डोक्यावर टांगलेले असत. गाईच्या वासाला हरीण भीत नाही. पुढे गाई विकल्या आणि तो वासही गेला.

लेनर्डचं गणित अधिक अवघड होतं. तो गावातल्या कागदाच्या गिरणीत लगदा शिजवायच्या विभागात काम करत होता. गिरणीला उकडलेल्या कोबीचा वास येतो असं बाहेरचे लोक म्हणत. गावातल्या कुणाला तो येत नसे, आणि हीच लेनर्डची धास्ती होती. आपल्याला न येणारा वास आपण अंगावर घेऊन हिंडतो आहोत, या कल्पनेने तो शाळेत असल्यापासून आक्रसलेला असायचा. नाचाच्या कार्यक्रमात मुलींपासून हातभर लांब उभा राहायचा. हंगाम जवळ आला की तो कांदा सोडायचा, कॉफी सोडायचा, कपडे दोनदा धुऊन रानातल्या बाल्सम झाडाच्या फांद्यांबरोबर डब्यात बंद करायचा, आणि रबरी बूट जंगलात शिरेपर्यंत पायात घालायचा नाही. नॅडीन म्हणायची, लग्नाआधी माझ्यासाठी एवढं केलं असतंस तर मी वर्षभर आधीच हो म्हटलं असतं.

चार हंगामांपूर्वी क्लेमेन्स बिशपवर बसला होता, आणि लेनर्डच्या बहिणीचा नवरा ड्वेन वरच्या टेकाडावर. ड्वेनला त्या सकाळी मोठा नर दिसला. शिंगं खुर्चीएवढी होती, असं तो अजून सांगतो. नर ओढ्याकडे वळला, थबकला, मान वर केली, नाकातून फुस्सकन आवाज काढला आणि पांढरी शेपटी उभारून दिसेनासा झाला. दुपारी ड्वेन लाकडांच्या ढिगामागे लेनर्डला म्हणाला, की मला म्हाताऱ्याबद्दल माया आहे, पण त्याचा वास अख्ख्या रानात पसरतो.  पुढच्या वर्षी वाटणी लेनर्डने आपल्या हातात घेतली आणि बापाला दिवाणवर बसवलं.

दिवाण म्हणजे रस्त्याच्या कडेला, खडीच्या जुन्या खाणीजवळ असलेली लाकडी खोपी. आत कुणीतरी टाकून दिलेला सोफा होता, म्हणून ते नाव. तिथे कुणी कधी बसत नसे. खाण खणल्यापासून हरणांनी ती वाट सोडली, असं सगळे धरून चालत. वायव्येचा वारा असला की तिथल्या माणसाचा वास खाणीवरून रस्त्यापलीकडे जातो, कुणाच्या शिकारीत येत नाही. लेनर्डने बापाला सांगितलं, की शिडी नाही, चालणं थोडं आहे, तुमच्या गुडघ्यांना बरं. क्लेमेन्सने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाला.

त्यानंतर दर वर्षी बिशपवर हरीण पडलं. कधी लेनर्डला, कधी ड्वेनला. मागच्या हंगामात ड्वेन बिअरचा कॅन उंचावून म्हणाला होता, की म्हाताऱ्याला हलवलं आणि रान मोकळं झालं. लेनर्ड हसला होता. हसता हसता त्याने मागे वळून पाहिलं तेव्हा क्लेमेन्स शेगडीपाशी बसून बुटाची नाडी सोडत होता. म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं, पण किती कमी, हे कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. ते हसू लेनर्डला वर्षभर टोचत राहिलं. यंत्रावर उभं असताना, जेवताना, कधी चर्चमध्ये प्रार्थना चालू असतानासुद्धा.

आंघोळीनंतर दुपारी लेनर्ड बापाला घेऊन कॅम्पवर पोहोचला. ड्वेन आधीच आला होता. तो ट्रॅक्टरच्या दुकानात विक्रीचं काम करायचा, त्यामुळे नवीन काही निघालं की आधी ते स्वतःलाच विकायचा. या वर्षी त्याने कोळशाचा थर असलेला पोशाख आणला होता, वास शोषून घेणारा, आणि तोंडाचा वास घालवणारं सफरचंदी च्युइंगगम. क्लेमेन्सने ते हुंगून पाहिलं.

"म्हणजे हरणाला वाटणार, झाडावर सफरचंद लागलंय."

"तेच तर, क्लेम."

"नोव्हेंबरात? पाइनच्या झाडाला?"

ड्वेन खो खो हसला. तो वाईट माणूस नव्हता. सासऱ्याचा कोट उतरवायला त्यानेच मदत केली, शेगडीजवळची खुर्चीही दिली. पण मग तो कोट त्याने दोन बोटांत धरून बाहेर नेला आणि इतरांच्या कपड्यांच्या दोरीवर न टांगता शौचालयाच्या पलीकडे, वेगळ्या दोरीवर टांगला. ती वेगळी दोरी मागच्या वर्षी लेनर्डनेच बांधली होती.

संध्याकाळी उकडलेले बटाटे आणि सॉसेज झालं. पहिल्या शिकारीआधी कॅम्पवर तळण होत नाही. उजेड जायच्या आत लेनर्ड दारात गेला आणि त्याने बोंडातली म्हातारी सोडली. ती आग्नेयेला निघाली, सरळ, रस्त्याकडे. वारा वायव्येचाच होता आणि रात्रीतून पडायची चिन्हं नव्हती. मागून ड्वेन आला. लेनर्डने त्याला आपला बेत सांगितला.

ड्वेनने च्युइंगगम एका गालातून दुसऱ्या गालात सरकवलं. मग म्हणाला, "तुझा बाप आहे, तू ठरव. पण मग आपण तिघंही झोपून राहू या. सगळ्यांचंच जाईल. त्याचंही."

"त्याचा शेवटचा हंगाम आहे, ड्वेन."

"ठाऊक आहे मला. म्हणून तर म्हणतोय. बिशपवर बसवशील आणि उजाडताना खालून ते फुस्स ऐकवशील त्याला. ते बरं की दिवाण बरा?"

लेनर्डने उरलेलं बोंड खिशात टाकलं. तरी तो आत गेला, बापासमोर बसला आणि म्हणाला, "पा, उद्या तुम्ही बिशपवर. शिडी मी धरतो."

क्लेमेन्स बटाट्याची साल काढत होता. त्याने उघड्या दारातून बाहेर पाहिलं, दोरीवरचे कपडे कुठल्या बाजूला उडताहेत ते बघितलं आणि पुन्हा बटाट्याकडे वळला.

"नको. दिवाणच बरा."

"का?"

"सवय झाली. बिशपवर ड्वेनला बसव. दोन वर्षं त्याला काही मिळालं नाही."

लेनर्डने आग्रह केला. आग्रह करताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण बापाला काही देत नाही आहोत, आपल्याला स्वतःच्या छातीवरचं ओझं उतरवायचं आहे. क्लेमेन्सने मान हलवली आणि सॉसेज बारीक कापून दे म्हणाला. विषय तिथेच संपला. लेनर्डने सॉसेज कापून दिलं. त्याला वाटलं, याला सगळं कळलंय, आणि कळूनही हा मला मोकळं करत नाही.

सकाळी अंधार असतानाच त्याने बापाला दिवाणपर्यंत पोहोचवलं. कोवळं बर्फ पडलेलं होतं. सोफ्यावर घोंगडी घातली, थर्मास ठेवला, रायफल हाताला येईल अशी टेकवली. क्लेमेन्सने त्याला हाताने जायची खूण केली. ड्वेन बिशपवर चढला होता. लेनर्ड टेकाडावर जाऊन बसला, पण त्याचं चित्त शिकारीत नव्हतं. फटफटलं, चिमण्या बोलायला लागल्या, थोड्या वेळाने बिशपकडून एकच बार झाला. एकच बार म्हणजे काम झालेलं असतं. दुसऱ्या कुठल्या वर्षी तो ड्वेनकडे पळत गेला असता. आज त्याला तिकडे जाववेना. तो टेकाडावरून उतरला आणि उलट्या दिशेने, दिवाणकडे चालू लागला. बापाशेजारी बसायचं आणि काय ते बोलून टाकायचं. तीन वर्षं झाली, आता बोलायलाच हवं होतं.

खोपी रिकामी होती. रायफल होती तशी टेकलेली. घोंगडीची नीट घडी घातलेली.  बर्फात पावलं होती, बारीक अंतराची, फरफटलेली, आणि त्यांच्या बाजूने काठीची भोकं. तो त्या मागावरून जवळजवळ धावत गेला.

क्लेमेन्स खाणीच्या कडेला उभा होता, अगदी उघड्यावर, रस्त्याकडे तोंड करून. टोपी काढून काठीवर अडकवली होती. नारिंगी कोट, त्याखालचा स्वेटर, त्याखालचा शर्ट, सगळं पुढून उघडं होतं आणि त्याने कोटाची दोन्ही टोकं हातांनी फाकवून धरली होती. पाठीमागून वारा येत होता, त्याच्या अंगाला वळसा घालून खाणीवरून रस्त्यापलीकडे जात होता. त्याचे ओठ निळे पडले होते.

"पा. हे काय करताय?"

क्लेमेन्सने मान वळवली. "वाजली ना बंदूक?"

"ड्वेनची."

"किती बार?"

"एकच."

"मग झालं," तो म्हणाला आणि कोट आवरायला लागला. बोटं वळत नव्हती. लेनर्डने शर्टाची बटणं लावली, स्वेटर खाली ओढला, चेन वर घेतली. तेव्हा त्याला बर्फ दिसलं. खाणीच्या उतारावर हरणांच्या खुरांची रीघ होती, ताजी. रस्ता ओलांडून ती सरळ दिवाणच्या दिशेने आली होती, खाणीच्या मध्यावर थांबून एका जागी तुडवातुडव केली होती, आणि मग सगळीच्या सगळी उजवीकडे वळली होती. ओढ्याकडे. बिशपकडे.

"इकडून येतात?" लेनर्ड म्हणाला.

"खाण बंद पडल्यापासून सगळी इकडूनच येतात. तुम्ही कधी बघायला आलात?" क्लेमेन्सने टोपी घातली. "पहिल्या वर्षी माझ्या पुढ्यातून सात-आठ गेली. रायफल उचलली तर नळी अशी हलायला लागली. जखमी करून सोडायचं पाप कोण करणार? मग पुढच्या दिवशी म्हटलं, वास काही जात नाही आपला, निदान कामाला तरी लावू. इथं उभं राहिलं की त्यांना ही वाट बंद. मग ओढ्याशिवाय जातील कुठं?"

 बिशपवर आपण पाडलेल्या नराची शिंगं लेनर्डने घरी भिंतीवर लावली होती, आणि येणाऱ्या जाणाऱ्याला कपडे कसे धुवायचे, वारा कसा ओळखायचा ते सांगितलं होतं.

"आज जरा उशीर लागला," क्लेमेन्स म्हणाला. "काल तू फार घासलंस."

हे तो चेष्टेने म्हणाला, पण लेनर्डच्या डोळ्यांत पाणी आलं. काय बोलायचं ते त्याने टेकाडावरून येताना जुळवलं होतं. त्यातलं एकच वाक्य कसंबसं बाहेर पडलं. "पा, मी तुम्हाला इथं का बसवलं, ठाऊक आहे तुम्हाला?"

क्लेमेन्सने काठी बर्फात रोवली आणि मुलाकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. राग असता तर लेनर्डला बरं वाटलं असतं.

"गुडघ्यांसाठी," तो म्हणाला. "तूच नाही का म्हणालास?"

"नाही, पा, मी—"

"गुडघ्यांसाठीच," क्लेमेन्स पुन्हा म्हणाला, जरा ठासून. "चल. ड्वेन एकटा हरीण ओढत बसला असेल. आणि त्याला हे सांगू नकोस. त्याला आपल्या च्युइंगगमचा अभिमान वाटू दे."

लेनर्डने खोपीतून रायफल घेतली. ती जरा हलकी लागली, म्हणून त्याने गोळीचा कप्पा उघडून पाहिला. आत गोळी नव्हती. त्याने कप्पा आवाज न करता बंद केला आणि ती खांद्याला अडकवली.

कॅम्पची वाट अरुंद होती, बर्फात एकामागे एकच माणूस जाईल अशी, आणि वारा समोरून येत होता. एरवी लेनर्ड पुढे चालायचा आणि मधूनमधून थांबून बापाची वाट पाहायचा. आज तो मागे राहिला. क्लेमेन्स काठी टेकत हळूहळू पुढे चालला, आणि त्याच्या अंगावरून आलेला वारा सगळा लेनर्डच्या तोंडावर येत होता, कापराचा, म्हातारपणाचा, ओल्या लोकरीचा. वाट पुढे रुंद झाली. शेजारून चालायला जागा होती. लेनर्ड बापाच्या मागेच चालत राहिला.